खासगी मजकूर

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार केंद्राने जगातलं सगळ्यात गुप्त अ‍ॅप घेतलं, आणि त्या दिवसापासून केंद्रातल्या गुप्त गोष्टी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये, पंख्याखाली बसून, दाढी होईपर्यंत फुकटात मिळू लागल्या. कशा, ते ऐका.

केंद्र म्हणजे काय, तर तळमजल्यावरची एक लांबट खोली. एका ओळीत टेबलं, टेबलांवर संगणक, संगणकांपुढे कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं, आणि समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांचा एक मोठा फलक. किती तक्रारी बाकी आहेत ते तो फलक दाखवायचा. डाव्या हाताला काचेची केबिन आणि केबिनमध्ये साहेब. साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. हे आत्ता उगाच सांगितल्यासारखं वाटेल, पण लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर ताई बसायची. ताईला जन्मापासून दिसत नाही. त्याबद्दल कुणी फारच हळहळायला लागलं, की ती सरळ त्याची तक्रार नोंदवून घ्यायची. "नाव? पत्ता? केव्हापासून वाईट वाटतंय?"

तिच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावर जे जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज. ताई त्याला बडबड्या म्हणायची. तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता, की दुसऱ्या कुणी ऐकलं तर बाटलीत माशी अडकलीय असंच वाटावं. त्या भुणभुणीतून ताईला मात्र शब्दन् शब्द कळायचा, आणि बाकीचे चष्मा शोधेपर्यंत तिचं उत्तर जाऊनही पोचायचं. याचा तिला गर्व होता. चांगला घसघशीत गर्व होता.

दुसरा गर्व तिच्या पोटाचा. ताईच्या कानात गेलेली गोष्ट तोंडावाटे कधी बाहेर आली नव्हती. कुणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कोण दुसरीकडे अर्ज करतंय, साहेबांच्या सहीची हुबेहूब नक्कल कोण करतं, अख्खं केंद्र तिच्या पोटात मावलं होतं. "ताईला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं," असं मोठ्या बाई म्हणायच्या. मोठ्या बाई म्हणजे केंद्रातल्या सगळ्यात जुन्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का.

तर झालं असं, की साहेबांनी एक नवीन पद्धत काढली. दिवस संपायच्या आत प्रत्येक तक्रार बंद व्हायलाच हवी. पाणी आलं तरी बंद, नाही आलं तरी बंद.

"तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे," ताई फोनवर सांगायची.

"पण बाई, नळ कोरडा ठणठणीत आहे!"

"हो. पण तक्रार निकाली निघालीय. सहकार्याबद्दल आभार."

हे वाक्य दिवसभर बोलून तिचं तोंड कडू व्हायचं. संध्याकाळी फलकावर मात्र गुटगुटीत शून्य. त्या शून्यावर खूश होऊन वरच्या कचेरीने साहेबांना बक्षीस जाहीर केलं, 'एकही तक्रार बाकी नसलेलं आदर्श केंद्र'. समारंभ याच खोलीत, याच फलकासमोर!

मग केंद्रातल्या मंडळींनी कट रचला. संगणकात प्रत्येक बंद तक्रारीखाली 'पुन्हा उघडा' म्हणून एक बटण असतं. समारंभाच्या दिवशी, भाषण रंगात आलं की सगळ्यांनी मिळून सगळ्या तक्रारी उघडायच्या. फलक बोलेल, आपण फक्त बघायचं. (ताई म्हणाली, "मी ऐकेन.")

पण हे ठरवायचं कुठे? हॉलमध्ये बोलायची सोय नव्हती, हेडफोनमधलं सगळं रेकॉर्ड व्हायचं. जुना चॅटचा गट होता, पण त्यातलं अक्षरन् अक्षर साहेबांना कसं कोण जाणे कळायचं. तेव्हा पुढे सरसावला गुप्तहेर.

गुप्तहेर शेवटच्या टेबलावर बसायचा. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, जेवणाच्या डब्यावरही स्वतःच्या नावाऐवजी नुसतं एक फुलीचं चिन्ह, म्हणून गुप्तहेर. त्याने सगळ्यांना चहाच्या खोलीत गोळा केलं आणि नवीन बाळ दाखवावं तसा फोन दाखवला.

"याला मालक नाही. मधे कुठलं मोठं यंत्र नाही. तुमचा निरोप तुमच्या फोनमधून निघतो, आपल्यापैकी ज्याचा फोन जागा असेल त्याच्याकडे जातो, तिथून पुढच्याकडे. मधे वाचणारा कुणी नाहीच."

"आणि बिघडलं तर विचारायचं कुणाला?" ताईने विचारलं.

"कुणालाच नाही!" गुप्तहेराचा आवाज भरून आला. "तेच तर सौंदर्य आहे, ताई."

ताईचा जन्म तक्रारी घेण्यात गेलेला. जिथे तक्रार घ्यायलाच कुणी नाही अशी जागा तिने आजवर फक्त वाईट स्वप्नात पाहिली, म्हणजे ऐकली होती. पण ती काही बोलली नाही. अ‍ॅप उघडलं आणि कानाशी धरलं.

बडबड्या म्हणाला, "खासगी मजकूर. खासगी मजकूर. खासगी मजकूर. बटण. बटण. लेबल नसलेलं बटण."

भानगड अशी होती, की हे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी फार खोल विचार केला होता. एखादा हेरगिरी करणारा प्रोग्राम पडद्यावरचं वाचू शकतो ना? मग पडद्यावरचं वाचणाऱ्या सगळ्यांपासूनच मजकूर झाकून टाकू! चोर आणि ताई, दोघांना एकाच दारात अडवलं होतं. ताईला आलेले निरोप ताईपासून शंभर टक्के सुरक्षित होते.

"ताई, तुझ्या फोनवर चालतंय ना गं?" मोठ्या बाईंनी मायेने विचारलं.

"पळतंय," ताई म्हणाली. "मस्त पळतंय."

आता तुम्ही विचाराल, खोटं का बोलली? त्याला कारण होतं चहाचं यंत्र. मागे केंद्रात एक नवीन यंत्र आलं होतं, काचेच्या गुळगुळीत पडद्याचं, फक्कड चहा देणारं. ताईच्या बोटांना त्यावर काहीच लागेना, चहा म्हणून चार वेळा नुसतं गरम पाणी प्यायली. तिने तक्रार केली, नवीन यंत्र गेलं आणि खटक्यांचं जुनं परत आलं, गाळणं धुतल्यासारखा चहा देणारं. तेव्हापासून पहिल्या घोटाला कुणीतरी तोंड वाकडं करायचं आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, "असू दे रे, ताईसाठी एवढं तर करायलाच हवं." कुणी रागाने म्हटलं असतं तर ताईने त्याला उभा सोलला असता. पण सगळे प्रेमाने म्हणायचे. प्रेमापुढे काय बोलणार?

आता चहाच्या जोडीला कटही आपल्यामुळे पातळ झाला असं व्हायला नको होतं. म्हणून ती पळतंय म्हणाली, आणि घरी जाऊन फोन नवऱ्याच्या हातात दिला.

नवऱ्याचं सलून होतं. पुढे दुकान, मागे जिना, वर घर. माणूस सोन्यासारखा. वस्तरा धरलेला हात कधी हलला नाही आणि जीभ कधी थांबली नाही. सकाळी तो अ‍ॅपच्या कुलपाची नक्षी बोटाने काढून द्यायचा, कारण ती नक्षी ताईला काही केल्या जमेना. एकदा अ‍ॅप बंद केलं की पुन्हा नवऱ्याशिवाय उघडायचं नाही, म्हणून ती दिवसभर ते बंदच करत नसे. टेबलावर चार्जरला लावलेला फोन आणि त्यात टक्क जागं असलेलं अ‍ॅप. संध्याकाळी नवरा केर काढता काढता दिवसभराचे निरोप वाचून दाखवायचा.

"मोठ्या बाई म्हणतात, 'ताईशिवाय हे काम व्हायचं नाही.'"

"असं म्हणाल्या?" ताई सुखावायची. "आणि गुप्तहेर?"

"तो म्हणतोय, 'प्रत्येक गोष्ट आधी ताईंना विचारा.'"

"वाटला नव्हता हो इतका समजूतदार. अहो, पण हे कुठे बोलायचं नाही हं."

"अगं, मी कुणाला सांगतोय!"

आणि तो खरंच कुणाला सांगत नव्हता, निदान त्याच्या मते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाला साबणाचा फेस असतो, त्याला उत्तर देता येत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा त्याचा साधा हिशोब.

ताई काही स्वस्थ बसली नव्हती. मालक नसला तरी अ‍ॅप बनवणारी हौशी मंडळी कुठेतरी असणारच. तिने त्यांची चर्चेची जागा शोधून काढली, तिथे बडबड्या व्यवस्थित बोलत होता, आणि तिथे तिने रीतसर तक्रार लिहिली. उत्तर आलं ते 'घुबड' अशा टोपणनावाच्या कुणाचंतरी. "मजकूर लपवणं हा दोष नसून वैशिष्ट्य आहे. तक्रार निकाली काढत आहे. सहकार्याबद्दल आभार."

ताईने ते पुन्हा ऐकलं. मग वेग कमी करून ऐकलं. असं वाटलं, आपलाच आवाज कुणीतरी आपल्या तोंडावर फेकून मारलाय.

मग एके दिवशी गुप्तहेराला एका नागरिकाचा फोन आला. नागरिक मोठा प्रेमळ. "साहेब, त्या बक्षिसाच्या दिवशी माझीही तक्रार उघडा बरं का. गर्दीत विसराल."

गुप्तहेर पांढराफटक पडला म्हणे. ताईला फक्त त्याची खुर्ची करकरलेली ऐकू आली. चहाच्या खोलीत सगळे जमले, पण चहा कुणी घेतला नाही.

"आपल्यातलंच कुणीतरी फोडलंय," गुप्तहेर म्हणाला. "अ‍ॅप फुटणं शक्य नाही. माणूस फुटतो."

एकेकाने आपापल्या आईची, मुलांची शपथ घेतली. मग गुप्तहेर घसा खाकरून म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमचा फोन मोठ्याने वाचतो ना?"

"माझा फोन माझ्या कानात वाचतो," ताई कडाडली. "आणि त्या वेगात वाचलेलं दुसऱ्या कुणाला एक वाक्य जरी कळलं, तर मी उद्या नोकरी सोडते. चल, लावू पैज?"

कुणी हसलं नाही. ताईला मात्र एव्हाना सगळं कळलं होतं. केर काढणारा तो आवाज तिला आठवला. अगं, मी कुणाला सांगतोय!

बोलावं का? बोललं तर सुटका होती. पण मग सगळंच बोलावं लागणार. अ‍ॅप मला वाचता येत नाही, मी पहिल्या दिवसापासून खोटं बोलतेय, नवऱ्याकडून वाचून घेतेय. की लगेच कुणीतरी उसासा टाकून प्रेमाने म्हणणार, "असू दे रे, ताईसाठी..." तिने ओठ घट्ट मिटले. आता जी बाई भांडणात कधी दुसऱ्याला शेवटचा शब्द मिळू देत नाही ती अचानक मिठाची गुळणी धरून बसली, तर माणसं काय समजणार?

घरी आल्यावर तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "किती जणांना सांगितलंत?"

"छे, असं काही नाही. आपली नेहमीची गिऱ्हाइकं."

"म्हणजे सगळा गाव! आणि साहेबांना?"

"साहेब?" नवऱ्याला प्रश्नच कळेना. "त्यांचं माझ्याकडे काय काम?"

आलं का लक्षात? गल्लीत, बाजारात, दोन्ही शाळांत, दवाखान्यात, जिथे जिथे डोक्यावर केस होते तिथे तिथे कट पोचला होता. पोचला नव्हता तो फक्त एका डोक्यात. गुप्तहेराच्या सगळ्या कुलपांपेक्षा साहेबांचं टक्कल जास्त पक्कं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने ओशाळल्या आवाजात निरोप वाचला. "मोठ्या बाईंचा आहे. 'दुपारी मत घेऊ. बक्षिसाच्या दिवशीच उघडायचं ना? वरचं बटण होय, खालचं नाही.'"

"वरचं होय," ताईने पाठ केलं.

दुपारी फोन किणकिणला. "खासगी मजकूर. बटण. बटण." ताईने वरचं बटण शोधलं आणि ठासून दाबलं. होय! होय म्हणजे होय!

थोड्या वेळाने बडबड्या बोलला. अ‍ॅप घेतल्यापासून त्याने ताईला स्पष्ट शब्दांत ऐकवलेलं हे पहिलंच वाक्य.

"तुम्हाला या गटातून काढण्यात आले आहे. निर्णय एकमताने. विरोधी मते शून्य."

मोठ्या बाईंच्या मतदानाआधी गुप्तहेराने आपलं एक मतदान घुसडलं होतं. ताईंना काढायचं का? वरचं बटण होय, खालचं नाही. आणि सगळ्यांबरोबर ताईनेही, सगळ्यात आधी, होय म्हटलं होतं.

हॉलमध्ये नुसती फोनची गुणगुण. मग मोठ्या बाईंचा दबका आवाज आला, "तिनेसुद्धा?" त्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. ताईने स्वतःच कबुली दिली, असंच सगळ्यांनी धरलं. कबुलीजबाबावर आता काय सही मागायची?

ताईने हेडफोन नीट केला. "नमस्कार, तक्रार केंद्र," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. नवऱ्याच्या वस्तऱ्यासारखा. पण संध्याकाळी ती जिन्यावर बसून राहिली. नोकरीचं तिला काही वाटत नव्हतं. ती विहीर होती, आणि आता लोक म्हणत होते विहीर गळते.

त्यानंतर केंद्रात एक विचित्र गोष्ट घडली. गट गप्प झाला. मोठ्या बाईंनी तारखेचं मतदान पाठवलं, एकाचंही उत्तर नाही. त्यांना वाटलं, ताईला काढलं म्हणून सगळे रुसले. गुप्तहेराने पाच निरोप पाठवले, उत्तर नाही. त्याला वाटलं, मोठ्या बाईंनी आपल्याला वाळीत टाकलं. हाताच्या अंतरावर बसलेली ही माणसं, मान वळवून "काय गं, मिळाला का निरोप?" एवढं विचारायचं, की खलास! पण हॉलमध्ये कटाबद्दल एक अक्षर काढायचं नाही हा गुप्तहेराचाच नियम. सगळे आपापल्या फोनकडे बघत, फुरंगटून, एकाच ओळीत बसून राहिले. कट रद्द झाला असं प्रत्येकाने मनातल्या मनात ठरवून टाकलं.

समारंभाचा दिवस उजाडला. पाहुणे आले, वरचे मोठे अधिकारी आले, पुष्पगुच्छ आला. फलकावर शून्य झळकत होतं. साहेबांनी डोक्यावरून रुमाल फिरवला आणि भाषण सुरू केलं. "मी अभिमानाने सांगतो, आज आमच्या केंद्रात एकही तक्रार..."

पहिल्या टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार, तक्रार केंद्र."

"बाई, माझी बंद केलेली तक्रार उघडा," एक म्हातारा आवाज म्हणाला. "आज उघडायच्यात ना?"

"आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सलूनमध्ये ठरलंय की!"

नागरिकाने मागितलं तर तक्रार उघडावीच लागते, नियमच आहे तसा. ताईने बटण दाबलं. फलकावर शून्याचा एक झाला आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी "अरे" म्हणालं. मग दुसरा फोन वाजला, शेवटच्या टेबलावरचा वाजला, मधले वाजले, आणि बघता बघता खोलीत नुसता कल्ला. "उघडा." "माझीही उघडा." "शेजारच्यांची झाली का हो? मग माझीही." ताईला फलक दिसत नव्हता, पण साहेबांचं वाक्य ऐकू येत होतं. ते 'एकही तक्रार' वर अडकलं होतं आणि पुढे जायचं नाव घेत नव्हतं.

"हे... हे कुणी केलं?" साहेब शेवटी म्हणाले.

"कुणी म्हणजे?" मोठे अधिकारी कोरडेपणाने म्हणाले. "लोकांनी केलं. लोक फोन करतायत, तुमची माणसं नियमाप्रमाणे उघडतायत. बक्षीस द्यायला हवं खरं तर." आणि कुणाला द्यावा ते न कळून त्यांनी पुष्पगुच्छ जवळच्या टेबलावर ठेवला. तो ताईच्या वाट्याला आला.

संध्याकाळी चहाच्या खोलीत सगळे एकदम बोलत होते. कुणी ठरवलं? मी नाही. मला तर वाटलं रद्द झालं. मला एकही निरोप नाही. मलाही नाही!

गुप्तहेर सगळ्यांचे फोन एकापुढे एक मांडून बघत होता. "तुम्हा सगळ्यांचे फोन बॅटरी वाचवायला हे अ‍ॅप झोपवतात," तो म्हणाला. "माझाही. दोघांचे एकाच वेळी जागे असले तरच निरोप पोचतो. आणि दिवसभर जागा असलेला फोन..." त्याने ताईच्या फोनवर बोट ठेवलं. "फक्त ताईंचा होता. आपले सगळे निरोप ताईंच्या फोनमार्गे जात होते. आपण आपलं पोस्ट ऑफिसच काढून टाकलं."

"म्हणजे मला काढल्याचा निर्णयसुद्धा?" ताईने विचारलं.

"तुमच्याच फोनने सगळ्यांना पोचवला."

ताईला हसू आलं, आणि हसतानाच तिने ठरवलं. पुष्पगुच्छ मांडीवर होता, त्याच्या पाकळ्या चाचपत ती म्हणाली, "मी फोडलं नाही. पण फुटलं ते माझ्याच घरून. मला हे अ‍ॅप वाचता येत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. फोन दिवसभर जागा होता तो त्याचं कुलूप मला उघडता येत नाही म्हणून. माझा नवरा वाचून दाखवायचा, आणि तो... तुम्हाला माहितीच आहे तो कसा आहे. मत देताना कोणतं बटण कशाचं तेही मला कळलं नव्हतं. अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे तक्रार केली, तर घुबड नावाच्या कुणीतरी ती बंद करून टाकली."

"मग सांगितलं का नाहीस गं?" मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या.

"चहाच्या यंत्रामुळे."

सगळ्यांच्या हातात तोच पातळ चहा होता. कुणी घोट घेईना. मग मोठ्या बाईंनी आपला कप बेसिनमध्ये ओतला. "यंत्रवाल्याला फोन कर रे," त्या कुणालातरी म्हणाल्या. "चांगला चहा देणारं आणि खटके असलेलं, असं एखादं यंत्र जगात असेलच. आपण कधी विचारलंच नाही त्याला. आणि ते घुबड की कोण, त्याने तक्रार बंद केली म्हणतेस? दाखव बघू."

आता हे सगळे तक्रार बंद करण्यात मुरलेले लोक. कोणती तक्रार झटक्यात बंद होते आणि कोणती होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! विनंती असेल तर बंद होते. राग असेल तर आणखी लवकर होते. पण बंद करणाऱ्यालाच प्रश्न विचारलेला असेल तर त्याचा हात अडखळतो. मोठ्या बाईंनी सांगितलं, ताईने लिहिलं, आणि खाली सगळ्यांनी एकेक करून 'मलाही हेच विचारायचं आहे' म्हणून जोडलं. "तुम्ही तुमचा स्क्रीन रीडर सुरू करा, डोळे मिटा, आणि या अ‍ॅपवरून मित्राला एक निरोप पाठवा. तो कुणाला गेला ते कृपया कळवा."

बऱ्याच दिवसांनी घुबडाचं उत्तर आलं. "सासूबाईंना गेला. तक्रार पुन्हा उघडत आहे."

नवीन आवृत्ती आली तेव्हा ताई जिन्यावर बसली होती. कुलपाला नक्षीऐवजी साधा आकडा ठेवता येत होता, प्रत्येक बटणाला नाव होतं, आणि एक नवीन सोय होती, 'माझ्या स्क्रीन रीडरला मजकूर वाचू द्या'. तिने ती सुरू केली. गटात तिला सन्मानाने परत घेतलं होतं, आणि जुने निरोप तर सगळ्यांत जास्त तिच्याच फोनमध्ये होते. बडबड्याला तिने अगदी सुरुवातीपासून वाचायला लावलं.

'ताईशिवाय हे काम व्हायचं नाही' येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही. त्या तारखेला मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, "उद्या कुणी बिस्किटं आणेल का?" आणि गुप्तहेराने लिहिलं होतं, "ताईंना प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा सांगावी लागते, कंटाळा येतो." ताई पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. रोज संध्याकाळी ज्या कौतुकाने तिचा शीण उतरायचा, त्यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तिने त्याला एवढं फाडून खाल्लं होतं, त्याने एक गोष्ट मात्र इतके दिवस पक्की पोटात ठेवली होती. केर काढता काढता.

मग ती दुकानात उतरली. आत कैचीचा आवाज चालू होता, खुर्चीत कुणीतरी होतं.

"काय गं, आलं का वाचता?" नवऱ्याने विचारलं. आवाज जरा जपूनच होता. "जुनं... जुनंही दिसतं का त्यात?"

"छे हो, जुनं सगळं गेलं. नवीन तेवढं दिसतं."

कैची पुन्हा मोकळेपणाने चालू लागली. "मग वाच की नवीन. काय म्हणतायत मंडळी?"

ताईने फोन कानाशी धरला. बडबड्याने भुणभुण केली. गुप्तहेराने लिहिलं होतं, "ताईंना परत घेतलं हे उत्तम, पण त्यांच्या त्या भोंग्याला आवरा. गुप्त काही सांगायचं असेल तर आधी त्याच्या तोंडाला फेस लावा." त्याखाली सगळे खो-खो हसले होते. मोठ्या बाईसुद्धा.

"गुप्तहेर म्हणतोय," ताईने वाचलं, "'सलूनवाले दादा नसते तर आपला कट फसलाच असता. त्यांना आमचा नमस्कार सांगा.'"

"असं म्हणाला?" कैची हवेतच थांबली. मग तो खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, "ऐकलंत का?" त्या माणसाच्या तोंडाला फेस होता. त्याने नुसती मान हलवली.

"पण एवढ्याशा निरोपाला तुझा बडबड्या केवढा वेळ भुणभुणत होता," नवरा म्हणाला. "आणखी काय आहे?"

"काही नाही हो," ताई म्हणाली. "खाली सगळ्यांनी नुसते अंगठे दिलेत."